हाताबद्दल लिहिणार नव्हते

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू कप डाव्या हाताने उचललास. मी काही बोलले नाही. मग उजवा पंजा दोनदा झटकलास, थर्मामीटर झटकतात तसा, आणि म्हणालीस, "झोपेत अवघडला असेल." तेव्हाही गप्प बसले. सोमवारपासून ती मोठी केस सलग चालणार, स्टेनो म्हणून तू पहिल्यांदाच एकटी बसणार. अशा वेळी हात-हात करत बसू नकोस, असं बाबांनी मला बजावलंय. म्हणून हे पत्र फक्त कामाचं.

बसायची जागा आदल्या दिवशीच बघून ये. साक्षीदाराचा चेहरा दिसला पाहिजे, अर्धं ऐकणं त्याच्या ओठांवर असतं. दोन वकील एकदम बोलायला लागले की लिहीत राहू नकोस, तिथल्या तिथे थांबव. मला हे धाडस यायला चार वर्षं लागली. एवढ्या मोठ्या माणसांना आपण कसं अडवायचं, असं वाटायचं. पण अशा वेळी कागदावर जे उतरतं ते दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर तू "हो" लिहायचं नाहीस. "एवढी लांब काठी" म्हणून त्याने हात पसरले, तर ती किती फूट हे तू ठरवायचं नाहीस. ते वकिलांनी नाहीतर न्यायाधीशांनी बोलून नोंदवून घ्यायचं. आकड्यांना तर मी आजही घाबरते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. "पाच-नऊ की सहा-नऊ?" असं सरळ विचार, कुणी हसत नाही. आडनावं आणि निशाणी नंबर (पुराव्याच्या कागदांना कोर्टाने दिलेले क्रमांक) मधल्या सुट्टीतच वकिलांच्या कागदांशी ताडून घे. संध्याकाळी वकील सापडत नाहीत.

आणि शॉर्टहँडच्या नोट्स थंड होऊ देऊ नकोस. वेगात लिहिताना आपण स्वर गाळतो, ते त्या दिवशी कानात असतात. चार दिवसांनी नुसती हाडं उरतात.

मुंग्या कुठल्या बोटांत येतात? अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अर्धी बाजू, असं असेल आणि करंगळी मोकळी असेल, तर ते झोपेत अवघडणं नव्हे. मनगटातून जाणारी नस दाबली जाते. रात्री वाढतं, हात झटकला की तात्पुरतं बरं वाटतं. लवकर दाखवलं तर पुष्कळदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावूनही भागतं. अंगावर काढलं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बसत जातो. माझा बघितला आहेस तू.

झालं, लिहिणार नव्हते ते लिहिलंच. रागावू नकोस. तू आता लहान नाहीस, आणि स्पीडला तर माझ्या कधीच पुढे गेलीस. आत्याला मी सांगते, माझ्या मुलीच्या आउटलाइन, म्हणजे शॉर्टहँडच्या खुणा, छापल्यासारख्या असतात.

तूच मागे सांगितलं होतंस, अमेरिकेतल्या मशीनवाल्या कोर्ट रिपोर्टरांच्या परीक्षेत साक्षीचा वेग मिनिटाला २२५ शब्द असतो आणि ९५ टक्के अचूक आलं की पास. मी हिशेब केला. मिनिटाला अकरा शब्द चुकले तरी चालतात. त्या अकरात एक "नाही" असला तर?

हे मी कुठल्या तोंडाने बोलते, तेही सांगते. बाबांनाही पूर्ण माहीत नाही. पिटमनने १८३७ साली ही शॉर्टहँडची लिपी काढली तेव्हा त अन् द, प अन् ब, क अन् ग या जोड्यांना रेघ एकच ठेवली. एक बारीक, एक ठळक. ठळक रेघेला बोटांचा दाब लागतो. त्या वर्षी माझा दाब पडेनासा झाला होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. साक्षीदार म्हणाला, "चेक दिला." माझ्या वहीत रेघ बारीक पडली. घरी टाइप करताना मी वाचलं, "चेक तिला." वाक्य अपुरं वाटलं म्हणून आपल्या मनाने पुढे "दिला" जोडलं. चेक तिला दिला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "तिला म्हणजे कुणाला?" तो माणूस गोंधळून म्हणाला, "मी कुणा बाईचं नावच घेतलं नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहून चूक कबूल केली, नोंद दुरुस्त झाली. पण तोवर तो खोटं बोलतोय असं अर्ध्या खोलीला वाटून गेलं होतं, आणि त्याने माझ्याकडे जसं पाहिलं ते अजून आठवतं.

म्हणून, वाक्य अपुरं वाटलं तर अपुरं राहू दे. खूण कर, रेकॉर्डिंग ऐक, विचार. तुमच्या त्या आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही याच बाबतीत माझा विश्वास नाही. नीट ऐकू आलं नाही तरी ते व्याकरणशुद्ध वाक्य काढून देतं, अगदी माझ्यासारखं.

केसमधलं मला काही सांगू नकोस, मी विचारलं तरी. वाईट साक्ष ऐकून आलीस की लगेच टाइप करायला बसू नकोस, आधी थोडी चालून ये.

दुसरीत असताना तुझे केस बारीक कापले होते, आठवतं? दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. उकाड्याचं कारण सांगितलं होतं आम्ही. खरं म्हणजे मला तुझी वेणी घालता येत नव्हती, तीन पेड हातातून सुटायचे. गणवेशाची बटणंही तेव्हापासून बाबाच लावायला लागले. आई रागावली आहे असं तुला वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

माझी सरावाची निळी वही सोबत पाठवते आहे. शेवटच्या पंधरा पानांवर एक तरी ठळक रेघ सापडते का बघ. डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली ते आधी कळव. केस कशी चालली ते नंतर सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई