हात बघून पेन सांगणाऱ्या काकांना

श्री. काका यांना,
सा. न. वि. वि.

पेन घेतलं, आणि मराठी-कानडी दोन्ही छान उमटतंय. तुम्हाला आधी एवढंच ऐकायचं असणार, म्हणून ते पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. आता आभार. घरी येऊन मानले असते तर तुम्ही "चहा घे" म्हणून विषय मोडला असता, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही. सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून ज्यांनी आयुष्यभर दोन्ही भाषांतले दस्त हाताने लिहिले ते वडगावचे काका, एवढ्यावर ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

भिशीचे पैसे आणि एका अनुवादाचं मानधन एकत्र करून मी पेन निवडायला तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्या डोक्यात मोंब्लां कंपनीचं १४९ नंबरचं पेन होतं. जाडी सुमारे १५ मिलिमीटर, वजन ३० ग्रॅमच्या आसपास, १८ कॅरटची निब. तुम्ही किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. "वही दे" म्हणालात. पान उलटलंत आणि मागच्या बाजूने बोट फिरवलंत. "अगं, तू लिहितेस की कोरतेस?"

पेन निवडायच्या आधी पानाची पाठ बघायची, हे मला त्या दिवशी समजलं. बॉलपेनवर वाढलेला हात कागद दाबतो. शाईच्या पेनात निबेच्या चिरेतून शाई आपसूक उतरते, दाबायची गरजच नसते. उलट दाबलं की निबेचे दोन दात फाकतात. हात अजून जड असेल तर निब ताठ हवी, लवचिक निबेच्या मोहात पडायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. मग मी पेन कुठे धरते ते बघितलंत. मी अगदी खाली, निबेजवळ धरते. बॅरल केवढं जाड आहे यापेक्षा बोटं टेकतात तिथला घेर मला महत्त्वाचा, आणि टोपणाचे आटे बोटाला टोचतात की नाही तेही.

नंतरचे तुमचे दोन प्रयोग मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. ट्रंकेतली जुनी पेनं काढलीत, त्यात एक एबोनाइटचं जाडजूड होतं आणि एक शाळकरी, किडकिडीत. प्रत्येकाने अर्धं अर्धं पान लिहायला लावलंत. जे हाताला बरं वाटलं त्याच्या धरायच्या जागी कागदाची पट्टी गुंडाळून खूण केलीत. झालं माझ्या हाताचं माप! मग त्याच पेनाच्या शेपटाला रबर गुंडाळत गेलात, एकेक वेढा वाढवत. थोड्या ओळींतच अंगठ्याचं मूळ दुखू लागलं. पेन किती ग्रॅमचं, याहून त्याचा भार कुठे पडतो ते बघायचं. पेलिकान कंपनीच्या ८०० नंबरच्या पेनात पितळी पिस्टन, म्हणजे शाई ओढणारा दट्ट्या, मागच्या अंगाला असतो. मोठ्या पंजाला तो तोल आवडतो, माझ्यासारखीला नाही.

खरी मेख लिपीची होती, आणि तिथे तुमच्याइतकं जाणणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. मला स्टब, म्हणजे सपाट रुंद टोकाची निब हवी होती, अक्षराला जाड-बारीक वळण येतं म्हणून. तुम्ही म्हणालात, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, हे रोमन अक्षराला शोभतं. देवनागरीत आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा, तीच काडीसारखी झाली तर शब्द लोंबतो. बोरूचा काप आपल्याकडे उलट्या तिरक्याने घेतात तो त्यासाठीच. आणि कानडीत तर सगळी गोलाई, निब जरा फिरली की स्टबची कड घासते. शिवाय रुंद निबेने 'क्ष'ची गाठ भरते, रफार आणि अनुस्वार एकमेकांत बुडतात, कानडीत ओळीखाली येणारी जोडाक्षरं चिखल होतात. म्हणून निब गोल टोकाची आणि मध्यम-बारीक. तीही जपानी, कारण तिथली एम (मध्यम) साधारण जर्मन एफच्या (बारीक) जवळ जाते.

सोन्याचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उडवलात. कागदाला लागतं ते टोक सोन्याचं नसतंच, वेगळ्या कठीण मिश्रधातूचं असतं. अक्षर गुळगुळीत येतं ते त्या टोकाच्या घासाईमुळे. कॅरट वाढले म्हणून निब मऊ होते असंही नाही, तिचा आकार आणि जाडी ते ठरवते. तरीही मी सोन्याचीच घेतली. हौस आहे काका, असू द्या.

पुण्याच्या दुकानात पट्टी काढली तेव्हा काउंटरवरचा मुलगा आधी हसला, मग त्याने स्वतःच्या पेनाचं माप घेतलं. १४९ तिथे हातात घेतलं. देखणं आहे, पण पट्टी त्याच्याभोवती पुरेना. तुमच्या सांगण्याप्रमाणे सही केली नाही. सही कुठल्याही पेनाने बरीच येते, हात पाठ झालेला असतो. निब शाईत बुडवून आधी मराठी परिच्छेद लिहिला, मग कानडी, तोही बसून, माझ्याच वहीवर.

घेतलं ते प्लॅटिनमचं ३७७६ सेंच्युरी. फुजी पर्वताच्या मीटरमधल्या उंचीवरून ते नाव. १४ कॅरटची ताठ निब, वजन २० ग्रॅमच्या आसपास, आणि टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं झाकण, त्यामुळे शाई वाळत नाही. अनुवादात एखादा शब्द अडला की पेन चार दिवस पडून राहतं. माझ्यासाठी ही सोय सोन्याहून मोलाची. शेपटाला भार नको हे तुमच्या प्रयोगात दिसलं तरी टोपण मात्र मी मागे लावूनच लिहिते. तुम्हाला पटणार नाही, पण माझा तोल तसाच जमतो.

पावसाळ्याबद्दलही तुमचंच खरं ठरलं. आपल्याकडच्या जुलैत कागद सर्दावतो आणि शाई फुटते. वही आता कपाटात ठेवते आणि लागतील तेवढीच पानं बाहेर काढते.

एक काम आहे. भाचीलाही शाईचं पेन हवंय, आणि ती डावखुरी. शिरोरेषा ती ओढत नाही, ढकलते, आणि मागून येणारा तळहात ओली अक्षरं पुसत जातो. रविवारी सकाळी तिला घेऊन येते. ट्रंक बाहेर काढून ठेवा, आणि लवकर वाळणारी शाई असली तर तीही.

आपली,
शहापूरची अनुवादवाली