मुलाखतीबद्दल काही लिहिणार नाही

डिचोली, गोवा
३ जुलै

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. म्हणून लिहायला बसलो. घरात जन्मभर कोंकणी बोललो, पण कागद पुढे आला की मला मराठीच सुचतं. यावरही तू हसशील. हस.

कॉलेजच्या मुलाखतीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. तू नको म्हणालीस, विषय संपला.

तुझ्या कारबाल्यो कालेरोबद्दल, त्या गालिसियन भाषेच्या अभ्यासकाबद्दल, तू पाठवलेलं सगळं वाचलं. वीज दोनदा गेली, तरी वाचलं. स्पेनमधल्या फेरोलचा माणूस, जन्म १९१०. हुकूमशहा फ्रँकोही त्याच फेरोलचा, हे मला ठाऊक नव्हतं. एकाच गावच्या पाण्यावर काय काय निपजतं! विशीतच हा पोरगा गालिसियाच्या, स्पेनच्या वायव्येकडच्या त्या आपल्या प्रांताच्या, स्वायत्ततेच्या कायद्याचा मसुदा करायला बसतो, पक्ष काढणाऱ्यांत असतो. २८ जून १९३६ ला लोक त्या स्वायत्ततेला कौल देतात आणि तीन आठवड्यांच्या आत लष्कराचं बंड. तेव्हा हा माद्रिदला होता. कशासाठी गेला होता, बाय? माध्यमिक शाळेच्या सरकारी नोकरीची परीक्षा द्यायला! मी आईला हाक मारून हे वाचून दाखवलं. त्यालाही कायमची नोकरी हवी होती. त्याची युद्धानं घालवली. तुला तर घरी कागद पाठवून बोलावताहेत.

बघ. लिहिणार नव्हतो.

पुढचं वाचताना जीव गलबलला. प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढला, पकडला गेला, बारा वर्षं आणि एक दिवसाची शिक्षा. तो वरचा एक दिवस कशाला, हे कुणी सांगेल का? १९४१ ला सुटला तर सरकारी शाळेचं दार बंद. मग १९५० पासून लुगोच्या त्या फिंगोय शाळेत, खासगी. तिथे राहून त्यानं गालिसियन साहित्याचा इतिहास लिहिला, तो १९६३ ला आला. तीन वर्षांनी व्याकरण. व्याकरण गालिसियनचं आणि पुस्तक स्पॅनिशमध्ये! विद्यापीठात गालिसियनचं पहिलं प्राध्यापकपद त्याला मिळालं १९७२ साली, साठी उलटल्यावर. त्या वयात मी पेन्शनचे कागद सारखे करत होतो. भाषेचं काम करणाऱ्यानं आधी स्वतःच्या पोटाची सोय लावावी, मग खुशाल लढावं, हे मी वर्गात तीस वर्षं सांगत आलो, आणि...

माफ कर. तू माझ्या वर्गात नाहीस.

रविवारचं तुझं वाक्य मात्र लागलं. १९८६ साली तुम्ही गोव्याच्या राजभाषेच्या मोर्चात कोंकणीला मराठीची बोली म्हणत होता, माद्रिदवाले गालिसियनला तेच म्हणत होते, असं म्हणालीस. तेव्हा तुझ्या धाकट्या काकाशी मी चार वर्षं बोललो नाही, हे तुला कुणी सांगितलं? आईनेच असणार. चतुर्थीला दोघे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या एकाच माटोळीखाली बसायचो, आणि नारळ मागायचा तर आईमार्फत.

पण मला एक सांग. तुझा हा माणूस तर म्हणतो की गालिसियन आणि पोर्तुगीज मुळात एकच. पोर्तुगीजचा हात सोडला तर स्पॅनिश तिला गिळून टाकील. मग तो काकाच्या बाजूचा की माझ्या? दोन रात्री विचार केला. वाटतं की भावकी आम्हीही सांगितली, त्यानंही सांगितली. पण आम्ही ‘बोली’ म्हणताना आवाज जरा खाली यायचा. ओसरीवरच्या माणसाबद्दल बोलावं तसा. त्याचा येत नाही. एवढं मी तुला देतो. काकाला सांगू नकोस.

आणि त्याचं शेवटी काय झालं? १९८२-८३ मध्ये सरकारमान्य लेखनाचे नियम ठरले ते त्याला पटले नाहीत. मग आपल्याच माणसांशी भांडण. स्वतःचं नावही पोर्तुगीज वळणानं लिहायला लागला. १९९० ला गेला. मे महिन्यातला तो गालिसियन साहित्यदिन त्याच्या नावे झाला २०२० मध्ये, तीस वर्षांनी, तोही साथीमुळे ऑक्टोबरअखेर ढकलून. बाय, मला भीती पगाराची नाही. म्हणजे आहेच. पण अशा कामात माणूस एकटा पडतो, आणि गालिसियातल्या तुझ्या त्या सांतियागोत पाऊस फार, असं तूच म्हणतेस.

तू पाठवलेली दोन पानं, एक सरकारी लेखनातलं आणि एक त्याच्या, मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्याचं पान मला बरंचसं कळलं. नवव्या वर्षापर्यंत पोर्तुगीज शाळेत मार खाल्ला तो असा कामी आला. ‘मुलगी’ हा शब्द सरकारी पानावर दोन एल घालून, त्याच्या पानावर एल आणि एच. अण्णा सोप्यावर तुला मांडीवर घेऊन लिसेवचं, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलाचं, ते फाटकं पुस्तक वाचायचे आणि मध्येच ‘मिन्या फिल्या’ म्हणून तुझे गाल ओढायचे. तुझं एल-एच तिथेच गिरवून झालं होतं, पाचव्या वर्षी, माझ्या लाल पेन्सिलनं. पेन्सिल चोरलीस म्हणून मी ओरडलो होतो. आज ते पान मिळालं तर फ्रेम करीन.

आमसुलं काकाच्या मुलाबरोबर पाठवली आहेत, पिशवीला दोन गाठी मारल्यात. आईचा गुडघा बरा आहे. पेज करून खात जा, तिथल्या त्या पाल्याच्या कढणावर दिवस काढू नकोस.

मुलाखत २२ तारखेला आहे, सकाळी दहाला. कागद निळ्या पेटीत ठेवलाय. नुसतं कळवलं.

तुझा
बाबा