पुंगलीच्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलच्या उत्तरेला पुंगलीच्या पुलाजवळ, तुम्ही मला एका तळ्यातून बाहेर ओढलंत. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि तुम्ही पन्नाशीचे असाल. म्हणजे आज तुम्ही नसणार, हे मला कळतं. तरीही लिहितो. तुमच्या घरातलं कुणी वाचेल, किंवा तुमच्या गावातलं.

गेल्या महिन्यात नातीच्या लग्नाच्या खरेदीला फोंड्याच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराने गादीवर एक साडी उलगडली आणि म्हणाला, "ही टांगाईल, आजोबा. सूत बघा." मी त्या सुतावरून हात फिरवत बसलो. सुनेला वाटलं साडी पसंत पडली, तिने ती बांधायला सांगितली. घरी येताना गाडीत मी कुणाशी बोललो नाही. रात्री ही वही काढली.

काका, माझं घर गोव्यात, फोंड्याजवळ. १९६१ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा होतो. १८ तारखेला आमच्या रस्त्याने सैनिक आले. पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडची दुसरी पलटण, मराठा पलटण. शेजारचे एक मास्तर म्हणाले, हे विमानातून उड्या मारणारे लोक आहेत. आई म्हणाली, "मग हे चालत कसे आले?" पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, बोरीचासुद्धा, आणि हे लोक धुळीने माखलेले, घामाने भिजलेले होते. आईने कळशी बाहेर आणली, तांब्या दिला आणि माडाच्या गुळाचे खडे हातावर ठेवले. आमच्याकडचा तो काळा गूळ, धुराचा वास असलेला. एका शिपायाने पाणी पिऊन तांब्या परत देताना विचारलं, "आई, अजून एक घोट मिळेल?" चक्क मराठीत. परक्याच्या राज्यात वाढलेल्या मला ते ऐकून काय झालं, हे आजही धड सांगता येत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की त्या पलटणीत जायचं.

गेलो. आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पुऱ्या केल्या, छातीवर विंग लागला, डोक्यावर मरून बेरे आली. सहावी उडी तुमच्या शेतात.

आमच्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांनी काम नेमकं सांगितलं होतं. मैमनसिंग आणि जमालपूरकडून पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याकडे मागे सरकतेय. वाटेत लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल आहे. तो धरायचा, म्हणजे ते ढाक्याला पोचणार नाहीत. डमडम आणि कलाईकुंडा या दोन तळांवरून विमानं उठली. मी पॅकेट नावाच्या मालवाहू विमानात होतो. आत कुणी बोलत नव्हतं, आणि बोललं असतं तरी त्या आवाजात ऐकू आलं नसतं. दुपारी साडेचारच्या सुमाराला दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही उभे राहिलो, छत्री आपोआप उघडणारी दोरी, स्टॅटिक लाइन, वरच्या तारेला अडकवली, पुढच्याची तपासली. मग हिरवा. पुढच्याच्या पाठीला चिकटून पावलं टाकत जायचं, एवढंच तेव्हा डोक्यात असतं. भीती मागे राहते. ती नंतर गाठते.

छत्री उघडली. खाली भाताची खाचरं, पोफळी, तळी, आणि चहूबाजूंनी धावत येणारी माणसं. पहिल्यांदा मी हबकलो, म्हटलं शत्रू आला. मग खालून आरोळी आली, "जय बांगला!"

माझ्या पायाला बॅग बांधलेली होती. उतरण्याआधी ती दोरीने खाली सोडायची, मग ती आधी जमिनीला लागते आणि मागून आपण. त्या बॅगेत आमच्या मॉर्टरची, म्हणजे उखळी तोफेची, साईट होती, नेम धरायचं यंत्र. ते नसेल तर मॉर्टर म्हणजे नुसतं नळकांडं. वाऱ्याने मला तळ्यावर नेलं. बॅग आधी बुडाली आणि मला खाली ओढायला लागली. छत्रीचं कापड डोक्यावर पसरलेलं, नाकातोंडात पाणी. मी चाकू काढला आणि दोरी कापली.

हे मी पलटणीत कुणाला सांगितलं नव्हतं. बॅग मी सोडली, काका. जीव वाचवायला सोडली. आज तुम्हाला सांगतो.

तेवढ्यात तुमचा हात माझ्या कॉलरला लागला. लुंगी कमरेला खोचलेली, उघडं अंग, पांढरी खुरटी दाढी. तुम्ही मला काठावर ओढलंत, पालथा घालून पाठीवर थापा मारल्यात आणि म्हणालात, "भय नाई, बाबा." मी तळ्याकडे बोट दाखवत मराठीत ओरडत होतो, "बॅग! माझी बॅग!" तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण माझ्या हातात उरलेला दोरीचा तुकडा तुम्ही पाहिलात. काही न विचारता परत पाण्यात गेलात. डिसेंबरची संध्याकाळ, सूर्य बुडायला आलेला. एकदा बुडी मारून वर आलात, हात रिकामे. दुसऱ्यांदा इतका वेळ लागला, की काठावरचा एक पोरगा रडायला लागला. तो तुमचा मुलगा होता का? तिसऱ्यांदा वर आलात तेव्हा बॅग तुमच्या खांद्यावर होती आणि ओठ निळे पडले होते.

आम्ही साईट मेणकापडात गुंडाळून ठेवलेली. कोरडी होती.

मग तुम्ही ती बॅग डोक्यावर घेतलीत आणि बांधावरून पुढे चालू लागलात. माझ्या मागून गावातली माणसं आमच्या दारूगोळ्याच्या पेट्या वाहून आणत होती. वाटेत त्या पोराने माझ्या ओंजळीत कुरमुरे आणि खजुराच्या गुळाचा खडा ठेवला. मी तो जिभेवर ठेवला आणि चालता चालता थांबलो. तोच धुराचा वास. दहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला.

अंधार पडल्यावर पूल आमच्या ताब्यात आला. त्यानंतर रात्रभर शत्रूने तो परत घ्यायचा प्रयत्न केला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आमचं मॉर्टर चालू होतं. नेम धरून चालू होतं. त्या रात्री पुलापाशी आमचे जे सोबती पहाटेपर्यंत टिकून राहिले, त्यांच्यातल्या काहींना नंतर मुलं झाली, नातवंडं झाली. त्यांच्या लग्नांत मी जेवलो आहे. प्रत्येक पंगतीत मला तुमचे ते निळे ओठ आठवले.

१२ तारखेच्या संध्याकाळी उत्तरेकडून आपली फौज येऊन मिळाली. पुढे कोण असावं? पहिली मराठा, जंगी पलटण. बांगलादेशातल्या एका पुलावर दोन मराठा पलटणी एकमेकांच्या गळ्यात पडल्या आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" अशी गर्जना झाली. त्या गर्दीत मी तुम्हाला शोधत होतो. तुम्ही दिसला नाहीत. पुढे हुकूम आला आणि आम्ही ढाक्याकडे निघालो. १६ डिसेंबरला शहरात सगळ्यात आधी शिरलेल्या भारतीय सैनिकांत आमची पलटण होती. लोक गळ्यात हार घालत होते. ते हार तुमच्या वाटणीचे होते.

मला तळ्यातून काढलंत त्याचे आभार मी मानणार नाही. बुडणाऱ्याला हात कुणीही देतो. मी आभार मानतो ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बुडीचे. ज्या ओझ्याचा तुमच्याशी संबंध नव्हता, ज्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि जे मी स्वतः सोडून दिलं होतं, ते तुम्ही वर आणलंत.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही मला "बाबा" म्हणालात. आमच्याकडे गोव्यातही धाकट्या मुलाला असंच हाक मारतात. आई मला शेवटपर्यंत तीच हाक मारायची. ती गेल्यावर कुणी मारली नाही.

तुमचा,
बाबा
फोंडा, गोवा