म्हापशाच्या कॅमेरावाल्या काकांना

काका, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहीत आहे, पण सूनबाई वाचतात, त्या दाखवतील म्हणून इथेच लिहितोय. आणि चार लोकांनीही वाचावं असं वाटतं.

माझा निकॉन एफएम-टू हा जुना रोलचा कॅमेरा तुमच्याकडे आला तोवर सगळ्यांनी त्याला मोडीत काढला होता. पणजीतल्या एका मोठ्या दुकानातल्या पोराने तर हातात न घेताच सांगितलं, अंकल मॅन्युअल फोकसचा जमाना गेला, विकून टाका आणि नवा मिररलेस डिजिटल घ्या. मुंबईत एका ठिकाणी पाठवला तर त्यांनी पावसाळाभर ठेवून घेतला आणि 'पार्ट मिळत नाहीत' अशी चिठ्ठी लावून परत पाठवला, कुठला पार्ट तेही लिहिलं नाही! मॉडेल १९८२ चं आहे, मान्य, पण शटर बॅटरीशिवाय चालतं, सेल लागतात ते फक्त प्रकाश मोजायच्या मीटरला, मग बिघडलंय काय ते तरी सांगा ना. माझी तक्रार एवढीच होती की फोटो शार्प येत नव्हते. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध फोकससाठी चित्र दोन अर्ध्यांत तुटलेलं दिसतं, ती स्प्लिट इमेज, तिचे दोन्ही अर्धे जुळले असं वाटायचं आणि रोल धुऊन आला की दशावतारातल्या राजाचे डोळे धूसर आणि कानातली कुंडलं स्वच्छ.

तुम्ही पैशांचं बोलायच्या आधी विचारलंत, फोटो कसले काढतोस? मग स्वतः व्ह्यूफाइंडरला डोळा लावून समोरच्या विजेच्या खांबावर फोकस करून बघितलंत आणि म्हणालात, "कॅमेऱ्याक कांयच जावंक ना, तुज्या दोळ्यांक नंबर आयला." या कॅमेऱ्याचा फाइंडर वजा एक नंबरवर फिक्स असतो, नव्या कॅमेऱ्यांसारखं डोळ्याप्रमाणे फिरवायचं चाक त्याला नाही, त्यामुळे पन्नाशीनंतर स्क्रीन नीट दिसेनासा होतो, हे इतक्या लोकांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

पण मला खरं लिहायचंय ते त्यानंतरचं. तुम्ही डब्यातून आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भागाला, लावायच्या नंबरच्या काचा काढून माझ्यापुढे ठेवल्यात आणि पेपर घेऊन रस्त्याच्या पलीकडे उन्हात जाऊन उभे राहिलात. मी एकेक काच लावून हेडिंगवर फोकस करायचा आणि तुम्ही तिकडून "दिसता?" म्हणून विचारायचं. शुक्रवारचा बाजार, मधून माणसं जातायत, स्कूटरवाले हॉर्न मारतायत, दुकानात दुसरं गिऱ्हाईक ताटकळलंय, तुमचं वय सत्तरीच्या पुढचं, आणि मी हात वर करेपर्यंत तुम्ही पेपर खाली घेतला नाहीत. काका, माझ्यासाठी असं कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर माशेलला चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाला गेलो. अठ्ठावीस एमएमच्या लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवून फोकसची रिंग अडीच मीटरच्या जवळपास लावली की सव्वा मीटरपासून लांबपर्यंत सगळं शार्प, मग फोकसला हातच लावायचा नाही, नुसतं पोरांबरोबर पळायचं. देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलाने माखलेले चेहरे १०५ च्या लेन्सनेही टिपले, आणि पापण्यांवरचा चिखल मोजता येईल असे आलेत. लग्नाच्या ऑर्डरला मी डिजिटलच नेतो, तिथे एक क्षण चुकला तर लोकांचं नुकसान, आणि रात्री देवळात दशावतारातला युद्धाचा प्रवेश सुरू झाला की कमी उजेडात ४०० स्पीडचा रोल कमी पडतो तो पडतोच. पण मला जे मनापासून काढायचंय त्याला ही जुनी सिस्टम आजही पुरते. निकॉनचा हा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबण, १९५९ पासूनचा, लेन्सा अशा बनवल्यात की माणसाने नुसती बुरशी लागू दिली नाही तरी खूप. चामड्याचं कव्हर काढून टाक, ओल धरतं, हे तुम्ही सांगितल्यापासून सगळ्या लेन्सा सिलिका जेल घालून डब्यात ठेवल्यात.

ज्याला काम येतं तो समोरच्याला कमी लेखत नाही, हे तुमच्याकडे बघून पटलं. बाकीच्यांना नवीन विकायचं होतं. तुम्ही काचेचे पैसे घेतलेत आणि बाकीचं "चहा पाज" म्हणून सोडून दिलंत.

तुमच्या हाताखाली आता शिकायला कोणी येत नाही म्हणालात, ते डोक्यातून जात नाहीये. माझा भाचा आयटीआयला आहे, घड्याळं उघडून परत जोडतो, हात स्थिर आहे त्याचा. पुढच्या शुक्रवारी बाजार भरायच्या आधी त्याला घेऊन येतो, एकदा त्याचं काम बघून घ्या.