विषय: पॅकमधून फुटबॉलचा चॅनल काढणे आणि वर ‘तुमच्याकडे व्ह्यूअरशिप नाही’ असं सांगणे याबद्दल तक्रार

प्रति,
नोडल ऑफिसर आणि कस्टमर केअर विभाग,

नमस्कार,

मी फोंड्याचा, तुमचा बराच जुना ग्राहक. रिचार्ज कधी चुकवलेला नाही, चतुर्थीला सगळं घर गावाला असतं तेव्हासुद्धा नाही. कस्टमर आयडी ईमेलच्या खाली दिलाय.

तक्रार सरळ आहे. माझ्या पॅकमधे एक स्पोर्ट्स चॅनल होता ज्यावर आपल्याकडच्या फुटबॉलच्या मॅच लागायच्या, तो तुम्ही सीझन अर्धा झालेला असताना काढून टाकला. एसेमेस नाही, स्क्रीनवर पट्टी नाही, काही नाही. शनिवारी संध्याकाळी जेवण लवकर आटपून टीव्ही लावला तर निळ्या स्क्रीनवर ‘हा चॅनल आपल्या पॅकमध्ये उपलब्ध नाही’. पैसे मात्र पूर्वीइतकेच कापले, एक रुपया कमी नाही, आणि त्याच्या जागी काय दिलंत तर विदेशी कुस्तीचे जुने एपिसोड दिवसभर फिरवणारा चॅनल जो आमच्या घरात कोणी मागितला नव्हता.

फोन केला तर तुमच्या लोकांनी आधी टेक्निशियन पाठवला. पोरगा बिचारा भर उन्हात गच्चीवर चढला, डिशचे नट सैल करून परत आवळले, खाली येऊन सेटटॉप बॉक्स दोनदा बंद चालू केला, सिग्नलची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली मला दाखवली, आणि मग डोकं खाजवत म्हणाला, “अंकल, सिग्नल बरो आसा, चॅनलच काडला मरे तांणी.” व्हिजिट चार्ज 250 रुपये. म्हणजे चॅनल तुम्ही काढायचा आणि तो काढलाय हे मला कळायला 250 रुपये मी द्यायचे, वा.

परत फोन. बोलणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना समोर जे लिहून दिलेलं असणार तेच त्या वाचत होत्या. पण लिहून दिलेलं काय, तर “सर, तुमचं मार्केट छोटं आहे, त्या चॅनलला तुमच्याकडे व्ह्यूअरशिप नाही, म्हणून पॅक रिव्हाइज केलाय, हवा असेल तर अ‍ॅड-ऑन घ्या.” हे पत्र मी मुख्यतः या वाक्यासाठी लिहितोय. चॅनलचे पैसे किती असणार, चहा-भजीत जातील. पण गोव्यात फुटबॉलला व्ह्यूअरशिप नाही हे गोव्यातल्या माणसाला फोनवरून सांगायचं म्हणजे हद्द झाली.

व्ह्यूअरशिप मोजता कशी ते आधी बघू. रेटिंगवाल्या बार्कच्या हिशोबात गोवा हे वेगळं मार्केटच नाही, ‘महाराष्ट्र/गोवा’ असा एकच गठ्ठा असतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 23 लाख आणि गोवा 14 लाख 58 हजार, म्हणजे त्या गठ्ठ्यात शंभर माणसांमागे जेमतेम सव्वा माणूस गोव्याचा. आता आख्खा गोवा, म्हातारी-कोतारी आणि पाळण्यातली पोरं धरून, एका वेळी फुटबॉल बघायला बसला तरी त्या गठ्ठ्याचा सव्वा टक्का होणार, आणि पुण्या-मुंबईकडे संध्याकाळी सिरियल लागल्या की संपला विषय. समुद्रात मीठ टाकून पाणी खारट झालं का बघायचं, तसला हा प्रकार. केरळ बघा, ते आकड्यांमधे वेगळं मार्केट आहे, पश्चिम बंगाल वेगळं आहे, म्हणून कोची आणि कोलकात्याचं फुटबॉलवेड तुम्हाला कागदावर दिसतं. माझा मावसभाऊ नोकरीला कोचीला आहे, त्याच्याकडेही तुमचंच कनेक्शन, त्याच्या पॅकमधे हा चॅनल अजून आहे, मी स्वतः व्हिडिओ कॉलवर बघितला. तिकडे आसाम, ईशान्येची सगळी राज्यं आणि सिक्कीम असा अजून एक गठ्ठा आहे, म्हणजे ऐझॉल-शिलाँगवाल्यांची पण आमच्यासारखीच गत असणार.

बरं, देशात टीव्ही असलेली घरं 20 कोटींच्या वर आणि मीटर लावलेली घरं पन्नास-साठ हजारांच्या घरात, त्यातली गोव्याच्या वाट्याला किती येत असतील ते तुम्हीच मला सांगा. आणि मीटर असतो घरातल्या टीव्हीला. आमच्याकडे मोठी मॅच घरी बसून बघतो कोण? नाक्यावरच्या बारमधे एका टीव्हीसमोर तीस-चाळीस माणसं उभी असतात, आतले खुर्चीवर, बाहेरचे स्कूटरवर बसून दारातून बघणारे, मधे कोणी आलं की शिव्या, गोल झाला की अर्धी फेणी सांडते. ही सगळी माणसं तुमच्या हिशोबात शून्य.

आता ‘छोटं मार्केट’. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, 2007 मधे सुरू झाली, तिचे पहिले सहा सीझन कोणी जिंकले माहीत आहे का तुमच्या पॅक ठरवणाऱ्या माणसाला? धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्याच्या क्लबांनी, म्हणजे 14 लाख लोकवस्तीच्या राज्याने आख्ख्या देशाला सहा वर्षं लायनीत उभं केलं होतं. आणि तुमची मोठी मार्केटं त्यावेळी काय करत होती? मुंबईची महिंद्रा युनायटेड 2010 ला बंद. पुण्यात पुणे एफसी गेली, भारत एफसी एक सीझन खेळून गेली, डीएसके शिवाजीयन्स गेली, आणि आयएसएल, म्हणजे नंतर आलेल्या इंडियन सुपर लीगमधली पुणे सिटी 2019 ला गुंडाळली आणि तिची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीसारखं स्टेडियम आहे, आयटीवाले आहेत, पैसा आहे, तरी चार क्लब संपले. पुण्याच्या मित्रांनी राग मानू नये, त्यांच्यातले जे खरे फुटबॉलवाले आहेत त्यांच्याबद्दल मला वाईटच वाटतं, पण मार्केट मोठं असलं की क्लब जगतो हे गणित खोटं आहे एवढंच मला म्हणायचंय.

सगळ्यात भारी गोष्ट 2016-17 ची. आयएसएल वर आणि आय-लीग खाली असं ठरायला लागलं, खालून वर जायचा रस्ताच नव्हता, म्हणून 2016 मधे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे आमचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आधीच खाणी 2012 मधे बंद पडल्या होत्या आणि गोव्याचं क्लब फुटबॉल चालायचं ते बरंचसं खाणवाल्यांच्या जिवावर, तेव्हा टीव्हीचा पैसा नाही, वर जायची आशा नाही, कोण किती वर्षं खिशातून घालणार. आमचे क्लब गेले म्हणून जागा रिकामी झाली आणि आदल्या सीझनला खाली घसरलेल्या ऐझॉलला परत घेतलं. ऐझॉल, वस्ती तीन लाखांच्या आतबाहेर. त्या ऐझॉलने त्याच सीझनला लीग जिंकली हो! शेवटची मॅच शिलाँगला, 1-1 ड्रॉ, पाहिजे होता तेवढा एक पॉइंट मिळाला. कोच खालिद जमील, जो त्याच्या आधी कित्येक वर्षं मुंबई एफसीला होता आणि 2025 मधे भारताच्या टीमचा कोच झाला. आणि मुंबई एफसी त्याच सीझनला शेवटची येऊन खाली गेली. देशातलं सगळ्यात मोठं मार्केट तळाला आणि नकाशात शोधावं लागतं ते सगळ्यात वर, आणि तुम्ही मला मार्केटचा साइझ सांगता.

अजून एक आठवण करून देतो. कोविडमधे 2020-21 आणि 2021-22 असे आयएसएलचे दोन सीझन गोव्यातच झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, आणि जवळजवळ सगळ्या मॅच बंद दाराआड. घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर मॅच चालू आणि आम्ही ती बघायची टीव्हीवर. एप्रिल 2021 ला एफसी गोवा आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधे खेळली, तिथपर्यंत पोचलेला हा देशातला पहिला क्लब, कतारच्या अल रय्यानला 0-0 रोखलं, ते पण फातोर्ड्यालाच आणि ते पण रिकाम्या स्टेडियममधे. तेव्हा गोव्यात फुटबॉल म्हणजेच टीव्ही होता, आणि तेव्हाचे रिचार्ज घेताना कोणी म्हणालं नाही की तुमच्याकडे बघणारे नाहीत. ऑक्टोबर 2025 मधे रोनाल्डोची सौदीतली टीम अल नस्र फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आली, रोनाल्डो स्वतः आला नाही, तरी आमच्या वाड्यावर दुसरा विषय नव्हता. 1-2 हरलो पण ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा आमच्या बाजूची आजी, जिला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, ती पण व्हरांड्यात येऊन विचारत होती कोणी मारला.

तुमचे मार्केटिंगवाले म्हणतील की जे लोक बघतात तेच आम्ही दाखवणार. पण त्याच पॅकमधे बोर्नमथची मॅच मला दिसते ना! इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव, स्टेडियममधे 11 हजारांच्या आसपास माणसं मावतात, आमच्या फातोर्ड्यात त्याहून जास्त बसतात. तो क्लब टिकतो कारण प्रीमियर लीगमधे देशातल्या टीव्हीच्या पैशातला अर्धा सगळ्या क्लबांना सारखा वाटला जातो आणि उरलेला नंबर कितवा आला आणि मॅच किती दाखवल्या त्यावर. तिकडे अमेरिकेत त्यांच्या त्या हाताने खेळायच्या फुटबॉलमधे ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव न्यूयॉर्कच्या क्लबांच्या बरोबरीने उभं आहे, कारण 1961 पासून टीव्हीचा देशभराचा पैसा सगळे सारखा वाटून घेतात. म्हणजे गाव छोटं असणं हा प्रॉब्लेम नाही, आधी दाखवलं पाहिजे आणि मग आलेला पैसा वाटला पाहिजे. आपल्याकडे आधी दाखवायचं बंद करतात. 2018-19 ला तर आय-लीगचा सीझन चालू असताना मधेच टीव्हीवरच्या मॅच कमी केल्या होत्या, क्लबवाले बोंबलत राहिले. मॅच दिसली नाही की शर्टावर नाव टाकायला कोण येणार, स्पॉन्सर नाही म्हटल्यावर बरा प्लेयर कोचीला किंवा कोलकात्याला जाणार, टीम पडेल झाली की चार माणसं अजून कमी बघणार, आणि मग तुमच्यासारखा कोणीतरी एक्सेल शीट काढून म्हणणार, बघा, व्ह्यूअरशिप नाही. आय-लीगमधून आयएसएलला वर जायचा रस्ता आता आता, 2023 ला, पंजाबच्या क्लबपासून उघडलाय. धेंपो 2024-25 ला आय-लीगमधे परत आली, चर्चिल तर त्या सीझनला पॉइंटमधे सगळ्यांच्या वर होती आणि मग ट्रॉफी कोणाची यावरून कोर्टबाजी होऊन ती इंटर काशी या क्लबला गेली. ते सगळं मी पेपरात वाचायचं का?

आता मला काय हवंय ते लिहितो. एक तर चॅनल आहे त्या किमतीत परत माझ्या पॅकमधे टाका, किंवा काढल्या दिवसापासून त्याची किंमत माझ्या अकाउंटला जमा करा, म्हणजे मी तो सुटा घेईन. फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या सरकारी नियामकाच्या नियमाने ग्राहक आपले चॅनल स्वतः निवडू शकतो, आणि सुटा घ्यायला माझी ना नाही, पण पॅकचे पैसे तेवढेच घेऊन वर अ‍ॅड-ऑनचे वेगळे, असं एका चॅनलला दोनदा मी देणार नाही. तो कुस्तीचा चॅनल काढा. व्हिजिट चार्जचे 250 परत करा कारण डिश माझी नीट होती आणि ते तुमच्या सिस्टिमला आधीच माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे ‘तुमच्याकडे व्ह्यूअरशिप नाही’ हे कुठल्या आकड्यावरून ठरवलं ते मला लेखी द्या. त्यात फक्त गोव्याचा आकडा द्या, महाराष्ट्र/गोवा असा गठ्ठ्याचा नको. फक्त गोव्याचा आकडा तुमच्याकडे नसेल तर तसं लिहून द्या, ते पण चालेल, उलट तेच मला जास्त हवंय.

आमच्या वाड्यावर तुमची अजून बरीच कनेक्शन आहेत, त्यातल्या ज्यांनी ज्यांनी अशीच तक्रार केलीय त्या सगळ्यांना अ‍ॅड-ऑनचा तोच मेसेज कॉपी-पेस्ट करून गेलाय, आम्ही एकमेकांना दाखवून खात्री केली. पुढच्या रिचार्जची तारीख जवळ आलीय आणि त्याच्या आत काही झालं नाही तर दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन रेट देऊन गेलेलाच आहे.

उत्तर ईमेलवरच द्या, फोन नको, फोनवर कबूल केलेलं नंतर तुमच्याकडे कोणालाच आठवत नाही.

कळावे,
आपला एक ग्राहक,
फोंडा, गोवा