२१ दिवस आम्हाला मराठीतही मोजू द्या

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

रिंग रोड, सिक्स लेन, नवा एक्सप्रेसवे, बेळगाव भागात सध्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. कुणाच्या शिवारात रंगवलेला दगड दिसला की लगेच व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो. पण दगड दिसेपर्यंत जमीन जाण्यावर हरकत द्यायला कधी कधी उशीर झालेला असतो, हे आम्ही घरातच बघितलंय म्हणून लिहितोय.

आमचं रान निपाणीकडं, पुणे-बेंगळूर रोडला लागून. वाजपेयींच्या काळात चार महानगरं जोडणारी सुवर्ण चतुष्कोण ही हायवेची योजना निघाली, १९९९ च्या जानेवारीत सुरुवात झाली, दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता मिळून ५,८४६ किलोमीटर, त्यात आमचा एनएच ४ मुंबई-चेन्नईच्या बाजूला आला (आता नंबर बदलून ४८ झालाय, पण आमच्याकडं कुणी म्हणत नाही). त्या वेळी दोन पोरं मशीन घेऊन आमच्या तंबाखूत उभी राहिली. आबांनी विचारलं काय चाललंय, तर म्हणाली, ‘काही नाही काका, नुसता सर्व्हे आहे.’ आबांनी त्यांना चहा पाजला, वर शेंगा पण दिल्या.

मग बरेच दिवस काहीच नाही. आणि एक दिवस समजलं की रोडला जमीन घेणार असल्याची नोटीस पेपरात येऊन गेली, कन्नड पेपरात. आबा कन्नड फाडफाड बोलतात, संकेश्वरच्या बाजारात भाव कन्नडमध्येच करतात, पण अक्षर वाचता येत नाही, शाळा मराठीतली. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं तर सर्व्हे नंबर आमचाच. आबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजला, २५ भरले. हरकतीची मुदत २१ दिवसांची. परत एकदा मोजले, तरी २५ च.

रोड काय एका दिवसात होत नसतो. आधी कागदावर रेघ, मग सर्व्हे, डीपीआर म्हणजे कामाचा सविस्तर आराखडा, मग १९५६ च्या नॅशनल हायवे कायद्याची नोटीस, जिला सगळे थ्री ए म्हणतात. तिथून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची, सुनावणी होते, आणि त्यानंतर थ्री डी, म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. थ्री डी निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, पैसे हातात पडलेले असोत नसोत, पुढं भांडण राहतं ते फक्त रकमेचं. पूर्ण चतुष्कोण पुरा व्हायला २०१२ उजाडलं, आणि तेव्हाही हुबळी-धारवाड बायपास दोनपदरीच राहिला होता. म्हणजे सरकारला वर्षांमागून वर्षं चालतात आणि शेतकऱ्याला तीन आठवडे, तेही न वाचता येणाऱ्या अक्षरात.

हरकत दिली असती म्हणून रोड थांबला असता असं मी म्हणत नाही, रोड पाहिजेच होता, कोल्हापूरला दवाखान्याला पळायचं तर आज त्याच्यावरूनच पळतो. पण आमची विहीर रोडच्या अल्याड आणि ऊस पल्याड राहिला. रोडखालनं एक पाईप टाकायला भोक ठेवा एवढंच लिहून दिलं असतं तर भराव घालताना ते काम अर्ध्या दिवसाचं होतं की ओ. भराव झाल्यावर विचारलं तर सांगितलं, आता रोड फोडता येत नाही. शेवटी पल्याड दुसरी बोअर मारली, दोनदा कोरडी गेली.

आता मुद्द्याचं. नोटिशीतला मजकूर दोन स्थानिक पेपरांत द्यायचा आणि त्यातला एक तरी देशी भाषेतला पाहिजे असं त्या कायद्यातच आहे. आमच्याकडं देशी भाषा म्हणजे कन्नड असं धरलं जातं. दुसरा पेपर मराठी का नसावा? जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं कधीच मान्य केलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माणसं किती ते मोजायला बाहेरून कुणी यायला नको. आणि यात लगेच सीमावाद काढू नका, पाटी कुठल्या भाषेत हा विषय वेगळा, इथं माणसाला आपली जमीन चालली हे वेळेत कळायला पाहिजे एवढंच मागणं आहे. कन्नड पेपरात येऊ द्या, शेजारी मराठीतही येऊ द्या.

दुसरी विनंती तुम्हालाच. सरकारकडनं जाहिरात येईल तेव्हा येईल, तोपर्यंत आपल्या भागातली थ्री ए निघाली की गावाचं नाव, सर्व्हे नंबर, किती गुंठे आणि हरकतीची शेवटची तारीख एवढं आतल्या पानावर का होईना पण मोठ्या अक्षरात छापा. तारीख तर ठळकच करा. जागेचे पैसे लागत असतील तर सांगा, गावातनं पट्टी काढतो, गणपतीला काढतोच की.

आपला,
रोडकडंचा एक शेतकरी, निपाणी भाग