तंबोऱ्यालाही स्वतःचा प्रीसेट हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात एका भगिनींनी लिहिलं होतं, की इथल्या एका एफएमवर पहाटेचं गाणं ऐकताना गायक थांबला की तंबोरा अंगावर येतो आणि त्यानं परत सा लावला की तंबोरा दडून बसतो. रेडिओ बिघडला असावा. ताई, रेडिओ दुरुस्तीला टाकू नका. मी बावीस वर्षं शहरातल्या एका स्टेशनात हेच काम केलं, म्हणून दुखणं कुठं आहे ते सांगतो.

स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये प्रोसेसर नावाचा एक डबा बसलेला असतो. तो आधी लहानमोठे आवाज एका पातळीवर आणतो, मग खर्जापासून टिपेपर्यंत आवाजाचे चार-पाच पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळं दाबतो आणि शेवटी टोकं छाटतो. छाटावीच लागतात, कारण एफएमच्या लहरीला मूळ जागेपासून दोन्हीकडे ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे झुलायची मुभा नाही. या सगळ्या खुंट्या कुठं पिळल्या ते नाव देऊन साठवलं, की झाला प्रीसेट. डब्याबरोबर कंपनीचेही पुष्कळ येतात. २००१ मध्ये इंदुरात खासगी एफएम आलं, आणि साहेब लोकांना त्यातला सर्वांत दणदणीत आवडू लागला. ‘भिया, अपना स्टेशन सबसे तेज सुनाई देना चाहिए!’ राजवाड्यासमोर रिक्षात बसलेल्याच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे.

पण तोच प्रीसेट विलंबित ख्यालाला? उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात हे सांगावं लागावं! मंद्रातला आलाप, मध्ये श्वासभर थांबणं. यंत्राला वाटतं आवाज गेला. ते भराभर पातळी चढवतं आणि तंबोरा दुधासारखा उतू येतो. पातळी परत चढण्याचा वेग, आम्ही त्याला रिलीज म्हणतो, तो संथ करायचा. गेटचा उंबरठा वर घ्यायचा, म्हणजे आवाज त्याखाली उतरला की यंत्र चढायचं थांबतं. पट्ट्यांकडे जाणारा जोर दोन-तीन डेसिबलनी उतरवायचा. कंपनीच्या प्रीसेटची नक्कल घ्यावी, एका वेळी एकच खुंटी फिरवावी आणि नव्या नावानं ठेवावं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका गणेशोत्सवात आरत्यांसाठी मी मोठ्या हौसेनं प्रीसेट बांधला, हेडफोनवर ऐकून खूश झालो आणि रामबागेत घरी आलो. ओट्यावरचा ट्रान्झिस्टर लागलेला होता. आई म्हणाली, ‘अरे, हे टाळ वाजतायत की कढईत मोहरी तडतडतेय?’ माझा हेडफोन प्रोसेसरच्या अलीकडे, मिक्सरला जोडलेला होता! म्हणजे मी बदलत होतो एक आणि ऐकत होतो भलतंच. एफएमवर बारीक, टोकदार आवाज पाठवण्याआधी मुद्दाम उचलतात आणि आपला रेडिओ ते परत खाली घेतो. ही उचल किती द्यायची त्याचं आपल्याकडचं ठरलेलं माप ५० मायक्रोसेकंदांचं; त्या हिशेबानं १५ किलोहर्ट्झला, म्हणजे अगदी टिपेच्या टोकाला, ती १३ डेसिबलच्या वर जाते. त्यामुळे छाटणीची कात्री आधी टाळांवरच चालते. त्या दिवसापासून हवेतून आलेला आवाज साध्या ट्रान्झिस्टरवर ऐकल्याशिवाय मी एकही प्रीसेट कायम केला नाही. निवेदिकेचं ‘चांदणं’ आणि ‘सकाळ’ हे दोन शब्द तर हटकून तपासायचो. ‘स’ फाटला की समजावं, कात्री खोल गेली.

आता मुद्द्याचं. आजच्या बहुतेक प्रोसेसरना घड्याळ असतं. सहाला एक प्रीसेट लागेल आणि सातला दुसरा, असं एकदा लिहून ठेवलं की माणूस उठवावा लागत नाही, नवं यंत्र घ्यावं लागत नाही. बदल स्टेशनच्या धूनवर घ्यावा, म्हणजे कानाला धक्का बसत नाही. अडतं ते जाहिरात खात्यात. सव्वासहाची जाहिरात जरा हळू ऐकू येईल, एवढीच त्यांची भीती. अहो, पहाटे गाणं ऐकायला बसलेला माणूस आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं वाढवतो. आणि मग जाहिरातही मोठीच ऐकू येते की!

संबंधित स्टेशनच्या मंडळींची हरकत नसेल, तर आईचा तोच ट्रान्झिस्टर घेऊन मी एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला येतो. मानधन नको. चहा मात्र लागेल.

आपला,
एक निवृत्त प्रसारण तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर